सौंसरकडच्या ख्रिस्ती लेखकांनो, मराठीतच लिहा

सौंसरजवळच्या रामाकोन्याकडे कुणी ख्रिस्ती तरुण लिहू लागला की त्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, लिहायचं तर हिंदीत लिही. इकडे मराठी वाचतो कोण? दुसरा, आपली लेखणी प्रभूच्या सेवेसाठी आहे, तेव्हा साक्ष आणि बोध यांपलीकडे जाऊ नकोस. दोन्ही सल्ले मायेचे आहेत आणि दोन्ही चुकीचे.

पहिल्यात थोडं तथ्य आहे. 1956 पर्यंत नागपूर या भागाचीही राजधानी होती. मग नागपूर राज्याच्या सीमेपलीकडे गेलं, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले, शाळा-कचेरीत हिंदी आली. पण संत्र्याच्या बगिच्याचा सौदा आणि घरातलं भांडण आजही मराठीतच होतं ना? ‘आमचं शुद्धलेखन कच्चं’ ही सबबही टिकत नाही. थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्याने गोव्यात मराठी ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं आणि ते 1616 मध्ये रोमन अक्षरांत छापलं गेलं. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांनी तर शाळाच पाहिली नव्हती.

दुसरा सल्ला अधिक घातक. त्याचे पुरस्कर्ते बाबा पदमनजींचं नाव घेतात. त्यांचं ‘यमुनापर्यटन’ (1857) धर्मप्रसाराच्या हेतूनेच लिहिलं होतं, हे कबूल. पण आज ते वाचलं जातं ते त्यातल्या विधवांच्या हालांसाठी. आणि ‘स्मृतिचित्रे’ बघा. नवरा ख्रिस्ती झाल्यावर मागे राहिलेल्या ब्राह्मण बायकोचा संताप, रडणं, सोवळं, नवऱ्याच्या विसराळूपणावरचं हसू, सगळं लक्ष्मीबाईंनी तसंच ठेवलं. श्रद्धा मिळाल्यावर जुना राग पुसून टाकला असता, तर त्या पुस्तकाला ख्रिस्ती मंडळीबाहेर कुणी हात लावला असता असं मला वाटत नाही. आणि वाचकांचं म्हणाल, तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला, तरी ते त्या व्यासपीठावरून बोलले. वाचक नाही, ही ओरड निदान आपण तरी करू नये.

तेव्हा ‘प्रभूने मला संकटातून सोडवलं’ हे वाक्य आधी खोडा. संकट कोणतं? कर्ज कुणाचं, किती, पऱ्हाटी कधी बुडाली, आजी काय बोलली, ते लिहा. प्रभू कुठे आला ते वाचकाला दिसेल. लिहिलेलं पास्टरांना नंतर दाखवा (ते बहुधा कौतुकच करतील), आधी हिंदू शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा. तो जिथे अडेल, तिथे तुमची चर्चमधली भाषा आड आली असं समजा. आपली बोली मात्र पुण्याच्या मापाने कापू नका.

ज्यांचं पुस्तक निघालं आहे त्यांनाही एक सांगणं आहे. चर्चमध्ये प्रकाशन, शाल-नारळ आणि उरलेल्या प्रती खाटेखाली, हा क्रम मोडा. नागपूरच्या विदर्भ साहित्य संघात प्रत द्या, चार अनोळखी समीक्षकांना पाठवा आणि टीका आली तर ती शेवटपर्यंत वाचा.

विषय सुचत नसेल, तर एक मी देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, होते. त्या दिवशी तिथल्या ख्रिस्ती घरात काय चालतं? पोरगा नदीवर जातो का, आई अडवते का, दगड लागून आलेल्या शेजाऱ्याला हळद कोण लावतं? हे कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.