खडकांच्या कुशीतील जीवसृष्टी आणि आपली जयणा

नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब कोकणात जाण्याची प्रथा आता आपल्या व्यापारी घरांत चांगलीच रुजली आहे. पूर्वी सुट्टी म्हणजे एखादी तीर्थयात्रा किंवा मामाचे गाव. आता आमच्या दिघाशीपासून भिवंडीच्या सूतबाजारापर्यंत कोणत्याही पेढीवर बसा, मालवणचा विषय निघतोच. किल्ला मोठ्यांसाठी असतो आणि ‘स्नॉर्केलिंग’ मुलांसाठी. तोंडात नळी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि पाण्यावर पालथे तरंगत खालची दुनिया पाहणे, एवढाच त्याचा अर्थ.

या संदर्भात एका वाचक भगिनींनी दोन प्रश्न पाठविले आहेत. समुद्रात असे उतरणे आपल्या आचारात बसते का? आणि तेथे माशांना बिस्किटे घालतात, ती जीवदया मानावी का? प्रश्न दोन ओळींचे असले तरी त्यांचे उत्तर दोन ओळींत देणे योग्य नव्हे. म्हणून या महिन्याचे सदर त्यांच्यासाठी.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली. चहूबाजूंनी खारे पाणी असताना किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचे पाणी गोड आहे, हे नवल आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. याच किल्ल्याच्या आणि शेजारच्या पद्मगडाच्या भोवती समुद्रात बुडालेले खडक आहेत. त्या खडकांच्या बेचक्यांत लाटांचा जोर ओसरतो, पाणी कमरेपासून दीड-दोन पुरुष खोलीपर्यंत असते आणि हिवाळ्यात ते इतके निवळते की तळाची वाळू दिसते. अशा जागी प्रवाळ वाढते. हे वैभव ओळखून शासनाने १९८७ साली येथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित केले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ इतक्या सहज पाहता येईल अशी जागा दुसरी क्वचितच सापडेल.

गेल्या पौष महिन्यात आम्ही कुटुंबीय तेथे गेलो होतो. तांडेलाने होडी किल्ल्याच्या तटाला वळसा घालून काळ्या खडकांनी वेढलेल्या एका लहानशा खाचेत नेली. बाहेर लाटा फुटत होत्या आणि आत पाणी जणू परातीत ठेवल्यासारखे स्थिर होते. पाण्यात तोंड घातल्यावर पहिला अनुभव येतो तो शांततेचा. स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नाही. दुसरा अनुभव दृष्टिभ्रमाचा. पाण्याखाली प्रत्येक वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठी आणि पाऊण अंतरावर भासते, त्यामुळे हात लांबविला की तो वस्तूच्या अलीकडेच राहतो. खडकावर पिवळट, तपकिरी, हिरवट गोळे दिसतात; कोणाला ते दगड वाटतील, कोणाला फुलकोबीचे गड्डे. पिवळसर अंगावर पाच काळे पट्टे असलेल्या माशांचे थवे त्यांभोवती फिरत असतात. पोपटासारखी चोच असलेला एखादा मासा खडक खरवडताना दिसतो आणि कान दिला तर त्याचा करकर आवाजही ऐकू येतो.

ते गोळे म्हणजेच प्रवाळ. पाठशाळेत ‘जीवविचार प्रकरण’ शिकलेल्या मुलांना आठवत असेल की आचार्य शांतिसूरींनी विद्रुमाची, म्हणजे पोवळ्याची, गणना स्फटिक, मणी, रत्ने यांच्याबरोबर पृथ्वीकायात केली आहे, तर शंख आणि कवडी यांना द्वींद्रिय जीवांत स्थान दिले आहे. आजचे जीवशास्त्र प्रवाळाला प्राणी मानते. मोहरीपासून वाटाण्याएवढ्या आकाराचे हजारो मऊ जीव आपल्याभोवती चुन्याचे घर बांधत जातात आणि त्या घरांचा संचय म्हणजे तो खडकासारखा गोळा. वर्गवारी दोन्हीकडे वेगळी आहे. परंतु जो दगड वाटतो तो निर्जीव नाही, याबाबत आपले शास्त्रकार आणि आजचे शास्त्रज्ञ एकाच बाजूला उभे आहेत.

या जीवाच्या शरीरात अत्यंत सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. त्याबदल्यात प्रवाळ त्याला आश्रय आणि पोषक द्रव्ये देतो. १९७४-७५ साली भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त जैन प्रतीक स्वीकारले गेले. त्याच्या तळाशी तत्त्वार्थसूत्रातील जे वचन लिहिले आहे, त्यात जीवांनी एकमेकांवर उपकार करण्याचा सिद्धांत सांगितला आहे. त्या सिद्धांताचे इतके प्रत्यक्ष उदाहरण क्वचित पाहावयास मिळेल. पाणी प्रमाणाबाहेर तापले की ही भागीदारी मोडते. शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरा पडतो आणि तशी स्थिती लांबली तर उपाशी राहून मरतो. १९९८ साली जगभर असे घडले आणि अलीकडच्या वर्षांत मालवणच्या प्रवाळावरही हा पांढरेपणा आढळला आहे. गोळ्याच्या आकाराचे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. म्हणजे आपण घाबरून ज्या परातीएवढ्या गोळ्यावर पाय टेकवितो, तो बहुधा आपल्या मुलांपेक्षा वयाने मोठा असतो.

आता बिस्किटांचा प्रश्न. होडीवाले पुष्कळदा पर्यटकाच्या हातात बिस्किटाचा पुडा किंवा पावाचा तुकडा देतात. तो कुस्करला की क्षणात माशांचा गराडा पडतो आणि छायाचित्र सुरेख येते. कबुतरांना दाणे आणि गाईला चारा घालणाऱ्या आपल्या घरांना यात जीवदयाच दिसते. भावना शुद्धच असते. परंतु दयेची कसोटी देणाऱ्याच्या समाधानावर नसून घेणाऱ्या जीवाच्या हितावर असते. मैदा आणि साखर हे माशाचे अन्न नव्हे. खडकावर उगवणारे शेवाळ खाऊन ते साफ ठेवणे हे त्यातील अनेक माशांचे नित्याचे काम. आयता पाव मिळू लागला की ते काम मागे पडते, शेवाळ माजते आणि प्रवाळाची जागा बळकावते. धीट मासे माणसाच्या हाताला चावे घेऊ लागतात, भित्र्या जातींना हुसकावतात. उरलेला चुरा कुजून पाणी बिघडवितो. एका मुठीने एक प्राणी तृप्त दिसतो आणि त्याच मुठीने पायाखालच्या हजारो जीवांचे घर धोक्यात येते. म्हणून त्या भगिनींना माझे नम्र उत्तर असे की, येथे न देणे हीच जीवदया.

आम्ही तांडेलाला तसे सांगितले तेव्हा तो क्षणभर थबकला. “मग मासे जवळ कसे येतले?” असे त्याने विचारले. दहा मिनिटे हातपाय न हलविता तरंगत राहिल्यावर ते आपोआप आले. संख्येने थोडे, पण आपापल्या कामात मग्न. माझ्या नातवाने त्यांतील एक मासा खडकाच्या एकाच फटीत पुन्हा पुन्हा जाताना पाहिला आणि बराच वेळ त्याचाच पहारा केला. पुड्याभोवतीच्या झुंबडीत हे दिसले नसते.

पहिल्या प्रश्नाकडे वळू. पाणी हे अप्काय असल्याने त्यात विनाकारण शिरू नये, हे आपल्या वडीलधाऱ्यांचे सांगणे निराधार नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण हे एक आहे, आणि केवळ मौजेसाठी होणारी हिंसा त्यात येते. ज्यांचा असा नियम आहे त्यांनी होडीतून किल्ला पाहून परतावे; त्यांना कोणी मागासलेले समजू नये. परंतु जी तरुण मुले उतरणारच आहेत, त्यांना केवळ ‘नको’ म्हणण्यापेक्षा जयणा शिकविणे अधिक हिताचे. पाण्याखाली काय जगते हे ज्याने पाहिले, तो पुढे कारखान्याचे पाणी नाल्यात सोडताना दोनदा विचार करील. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या आणि रंगाईच्या परिसरात राहणाऱ्या आपल्याला हे निराळे सांगावयास नको. आपल्या खाडीचे पाणी शेवटी त्याच समुद्राला मिळते.

व्यापारी म्हणून आपला आणि पोवळ्याचा संबंध जुना आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतील लिव्होर्नो बंदरातून भूमध्य समुद्राचे लाल पोवळे गोव्यास येत असे आणि त्याच्या मोबदल्यात येथून हिरे जात. समुद्रापारचे हे व्यापारी एकमेकांचे तोंडही न पाहता केवळ पत्रांवर आणि पतीवर व्यवहार करीत. आजही दागिन्यांतील लाल पोवळे मुख्यतः तिकडूनच येते. आपल्या किनाऱ्यावरचे खडकबांधणीचे प्रवाळ ही मात्र वेगळी गोष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ साली त्याचा समावेश झाला. ते तोडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. काही शंख-शिंपल्यांनाही हेच संरक्षण लाभले आहे. किनाऱ्यावरील दुकानात पांढऱ्या प्रवाळाचा तुकडा ‘शोभेची वस्तू’ म्हणून कोणी पुढे केला तर तो घेऊ नये. ग्राहक नसेल तर माल निघत नाही, हे आपल्याहून अधिक कोणास ठाऊक?

याच हिशेबाची एक उजळ बाजूही आहे. अभयारण्य घोषित झाले तेव्हा आपली मासेमारी बंद पडेल या भीतीने स्थानिक कोळी बांधवांनी त्यास विरोध केला होता, आणि पोटाचा प्रश्न असल्याने ती भीती समजण्याजोगी होती. आज त्यांच्यापैकी अनेक घरांतील तरुण पर्यटकांना मासे दाखवून संसार चालवितात. जाळ्यातील मासा एकदाच विकला जातो. पाण्यातील जिवंत मासा रोज पाहिला जातो. आपण तेथे दिलेली रक्कम जिवंत जीवाचे मोल वाढविते. म्हणून होडी ठरविताना दहा-वीस रुपयांची घासाघीस करण्याऐवजी बिस्किटे न टाकणारा आणि नांगर प्रवाळावर न टाकणारा तांडेल शोधावा, त्यास सांगितलेले भाडे द्यावे आणि कारणही सांगावे.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या सूचना देतो. पावसाळ्यात ही जलवाहतूक बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असते, पाणी ढवळलेले असते. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांगाची भरती असल्याने पाणी तुलनेने शांत मिळते. अष्टमीचा उपवास पाळणाऱ्यांनी पारणे करून नवमी-दशमीस जावे, म्हणजे दोन्ही साधते. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही, होडीत पाय ठेवण्यापूर्वी घालावे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचे प्राण गेले, हे विसरू नये. क्षमतेपेक्षा अधिक माणसे असलेल्या होडीत बसू नये. ऊन लागू नये म्हणून मलम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. काही मलमांतील रसायने प्रवाळास घातक ठरतात, म्हणून हवाई बेटांवर २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. भोजनाचे म्हणाल, तर घावणे आणि उसळ मिळते. कांदा-लसूण नको हे आदल्या दिवशी सांगावे आणि सूर्यास्तापूर्वी जेवावयाचे हेही. खाकरे जवळ ठेवावेत, मात्र ते घरच्या मंडळींसाठी!

या सुट्टीत जी मुले मालवणला जातील त्यांच्याकडून पालकांनी तीनच नियम घ्यावेत: खडकावर पाय ठेवणार नाही, पाण्यात काही टाकणार नाही, पाण्यातून काही उचलणार नाही. परतल्यावर त्यांनी काय पाहिले ते एका पानात लिहून आमच्याकडे अवश्य पाठवावे. फाल्गुनच्या अंकात त्यांतील निवडक पत्रांना याच सदरात जागा देऊ.