नव्याण्णव की शंभर?

एचएसआर लेआउट हे कुणा थोर पुरुषाचं नाव असावं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. ते निघालं होसूर-सर्जापूर रोड! बंगळुरूच्या या वस्तीत माझी भाची राहते. मागे तिच्याकडे गेलो, तेव्हा संध्याकाळी ती कॉम्प्युटरसमोर कपाळाला आठ्या घालून बसलेली.

"काय वाचतेस एवढं?"

"दुसऱ्याची वही तपासतेय, मामा."

त्यांच्या कंपनीत एकानं प्रोग्रॅममध्ये बदल केला की दुसऱ्यानं तो ओळ न् ओळ वाचायचा. त्यानं होकार दिल्याशिवाय बदल पुढं जात नाही. त्या दिवशीचा बदल होता एका मोजणी-यंत्रातला. म्हणजे तोही प्रोग्रॅमच. पण त्याचं काम, कॉम्प्युटरचा वेळ कुठं खर्च होतो ते शोधण्याचं. अशा साधनाला प्रोफायलर म्हणतात. ते सतत पहारा देत नाही. सेकंदाला ९९ वेळा डोकावून 'आत्ता काय चाललंय?' एवढंच टिपून ठेवतं. एका नव्या मुलानं त्या ९९ चे १०० केले होते. हिशेबाला सोपे म्हणून! बाकी बदल उत्तम होता. भाची अडली होती त्या एका आकड्यावर.

"एकानं काय बिघडतं गं?"

"समज, मी आईला रोज दुपारी ठीक एक वाजता फोन केला. दरवेळी ती जेवत असते. मग आई दिवसभर जेवतच असते, असं म्हणायचं का?"

मी हसलो, पण मुद्दा कळला. कॉम्प्युटरमधली बरीच कामं घड्याळाच्या ठोक्यावर होतात, सेकंदाला दहा वेळा, शंभर वेळा. आपणही त्याच ठोक्यावर डोकावलो, तर एखादं काम दरवेळी दिसतं आणि दुसरं कधीच दिसत नाही. ९९ ठेवले की पावलं जुळत नाहीत आणि खरं चित्र हाती येतं.

"गेल्या वर्षी याच साधनातला एक बदल मी घाईत, न वाचताच मंजूर केला होता," ती हळूच म्हणाली. "पंधरा दिवस सगळे भलताच भाग दुरुस्त करत बसले." चोर सोडून संन्याशाला फाशी!

हा उगाच कीस काढणं नव्हे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होताना अर्धा सेकंद जास्त जातोय, असं जाणवलं. 'पर्फ' या लिनक्सच्या प्रोफायलरनं त्यानं तो वेळ शोधला. माग निघाला 'एक्सझेड' या फाइली आवळून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लपवलेल्या चोरदरवाजापर्यंत. तो बसवणाऱ्यानं दोन वर्षांहून अधिक काळ चांगलं काम करून विश्वास कमावला होता. त्याची वही तपासायला पुरेशी माणसं नव्हती. मोजमाप खरं होतं, म्हणून चोरी उघडी पडली.

मोजणारं साधन खरं राहावं म्हणून धीरही लागतो. चालू प्रोग्रॅममध्ये हव्या त्या जागी डोकावू देणारी, पर्फच्याही कामी येणारी 'यूप्रोब्ज' ही सोय आयबीएमचे बंगळुरूतले श्रीकर द्रोणमराजू आणि त्यांचे सहकारी जिम केनिस्टन यांनी लिहिली. त्या फाइलच्या माथ्यावर २००८ ते २०१२ अशी वर्षं आहेत. तपासणाऱ्यांच्या शंका फेडता फेडता २०१२ उजाडलं, तेव्हा ती लिनक्समध्ये आली. तिथं बदलासोबत तपासणाऱ्याचंही नाव कायमचं नोंदलं जातं. होकार दिला की जबाबदारी आलीच.

भाचीनं त्या मुलाला 'चुकलास' असं लिहिलं नाही. एवढंच विचारलं, 'आधी ९९ का होते, शोधलंस का?' रात्री जेवताना त्याचं उत्तर आलं. त्यानं ९९ परत ठेवले होते आणि शेजारी कारणही लिहिलं होतं, म्हणजे पुढचा कुणी 'सोपं' करायला जाणार नाही. तिनं मग होकार दिला आणि आम्ही ताकभाताकडे वळलो.

घरी परतल्यावर मी काय केलं, सांगू? रक्तदाब मोजायचं आमचं यंत्र पिशवीत घातलं आणि डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून आणलं. चार वर्षं त्याच्या आकड्यांवर माझं मीठ कमी-जास्त होत होतं. यंत्राला मात्र कुणी विचारलं नव्हतं. तुमचं कधी ताडून पाहिलंत?