मेडलच्या आधी सिकलचे कार्ड

थंडी पडली की आपल्या जिल्ह्यात धावण्याचे वारे वाहू लागतात. गडचिरोली पोलीस दलाने जिल्ह्याच्या ठिकाणी महामॅरेथॉन भरवली, तेव्हा जंगलातल्या दूरदूरच्या गावांतली मुले-मुली तिच्यात धावली. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरपेक्षा लांब आहे. ज्याला पहाटे तिथल्या मैदानावर उभे राहायचे, त्याला आदल्या दिवशीच एस.टी. धरावी लागते. आलापल्लीपर्यंतचा रस्ता अंग खिळखिळे करतो आणि रात्र मिळेल त्या जागी काढावी लागते. तरी आपली मुले जातात. त्यांचे कौतुक आहेच.

धावून आलेली मुले काय सांगतात, ते ऐकण्यासारखे असते. एवढी माणसे एकाच दिशेने धावताना पहिल्यांदाच पाहिली, असे ती सांगतात. ओळख ना पाळख, तरी रस्त्याच्या कडेची माणसे टाळ्या वाजवतात. मुलींचे म्हणणे वेगळे असते. गावात रस्त्याने धावले तर चार माणसे वळून बघतात. तिथे हजार मुली धावत असतात, मग कोण कोणाकडे बघणार? आणि छातीवर फक्त नंबर असतो. आडनाव कोणी विचारत नाही. आपल्या वस्तीतल्या पोरीला हा अनुभव मिळणे ही लहान गोष्ट नाही.

साताऱ्यात 2012 पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या वाटेवरून माघारी वळायचे आणि घाट उतरून पुन्हा शहरात यायचे, असे 21 किलोमीटर. पावसाळा सरत आलेला, डोंगर हिरवा, रस्त्यावर धुके. देशभरातून माणसे तिथे धावायला येतात. चढ दम काढतो आणि उतार गुडघे काढतो, असे तिथे धावलेले सांगतात. पण त्यातले बहुतेक जण हौसेने आलेले असतात. पायात महागडे बूट, महिनोन्महिन्यांचा सराव, आणि वैद्यकीय तपासणी करून घेण्याइतका पैसा.

गरीब माणूस वेगळ्या कारणाने धावतो. बारामतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, त्या नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते म्हणून. आपल्या वस्तीतला मुलगा पहाटे रस्त्यावर धावतो, तो पोलीस भरतीसाठी. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचे असते. त्याचे 20 गुण असतात आणि एकेका गुणावर घराचे भवितव्य टांगलेले असते. मॅरेथॉन ही त्याला भरतीची रंगीत तालीम वाटते. म्हणून तो अंगात असेल नसेल तेवढी ताकद लावून धावतो. नेमकी इथेच या पानावर बोलण्याची गरज आहे.

आपल्या रक्तातली गोष्ट

सिकलसेल हा शब्द विदर्भातल्या बौद्ध घरांना नवीन नाही. 1958 मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून तो आपल्या समाजाच्या नावाला चिकटला आहे. खरे तर तो गोंड, माडिया, तेली, कुणबी यांच्यातही आढळतो. त्याचा जातीशी संबंध नाही, हिवतापाशी आहे. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मेंदूपर्यंत जाणारा हिवताप होता, तिथे एका सिकल जनुकाने बाळाला हिवतापापासून थोडे संरक्षण दिले. त्यामुळे ते जनुक टिकले आणि पसरले. आपल्या पूर्वजांना जगवणारी ही गोष्ट आहे. तिची लाज वाटण्याचे काही कारण नाही.

आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडून सिकलचे जनुक आले तर माणूस रुग्ण असतो. त्याला वेदनेचे झटके येतात, रक्त कमी राहते. एकाच बाजूने आले तर तो वाहक असतो. वाहकाला एरवी काही त्रास होत नाही. तो शेतात राबतो, तेंदूपत्ता तोडतो, खेळतो, म्हातारा होतो. आपण वाहक आहोत हे अनेकांना आयुष्यभर कळतही नाही.

पण अति श्रम, ऊन आणि अंगातले पाणी कमी होणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की वाहकाच्या तांबड्या पेशीसुद्धा विळ्यासारख्या वाकड्या होऊ शकतात. स्नायूंना रक्त पोहोचत नाही, स्नायू फुटू लागतात आणि त्यातला विषारी अंश मूत्रपिंडावर येतो. त्यात आणखी एक अडचण अशी की अनेक वाहकांचे मूत्रपिंड पाणी नीट राखून ठेवत नाही. त्यांच्या अंगातले पाणी इतरांपेक्षा लवकर कमी होते.

आता सिरोंचाहून निघालेल्या मुलीचा विचार करा. वाटेत शौचालयाची सोय नाही म्हणून ती एस.टी.त पाणीच पीत नाही. रात्री झोप नाही, पहाटे पोटात धड अन्न नाही. आणि ती वाहक असेल, पण तिला ते ठाऊक नाही. अशा स्थितीत ती धावायला उभी राहते. रस्ता कितीही सुंदर असला तरी तिच्यासाठी तो धोक्याचा होतो.

अमेरिकेने काय शिकले

अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये सिकलचे प्रमाण जास्त आहे. तिथे सैन्यात भरती झालेल्या सुमारे 20 लाख जवानांच्या नोंदी तपासून 1987 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणात अचानक मृत्यू येण्याचा धोका कृष्णवर्णीय वाहक जवानांमध्ये वाहक नसलेल्या कृष्णवर्णीय जवानांच्या सुमारे 28 पट निघाला. हे वाचून कोणालाही वाटेल की वाहकांना धावूच देऊ नये.

पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सैन्याने पाणी, विश्रांती आणि उन्हापासून बचाव यांचे नियम सर्वांसाठी कडक केले. 2016 मध्ये सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा नवा अभ्यास आला. त्यात वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत. स्नायू फुटण्याचा धोका मात्र दीडपट होता. आणि तंबाखू घेणाऱ्या सैनिकांनाही जवळजवळ तेवढाच धोका होता. खर्रा तोंडात ठेवून सरावाला येणाऱ्या आपल्या पोरांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

म्हणजे माणसाला मैदानाबाहेर न काढताही त्याचा जीव वाचवता येतो. पाणी, सावली आणि विसावा यांची शिस्त त्याला पुरते.

तिथल्या क्रीडा वैद्यकांनी वाहक खेळाडूंसाठी आणखी एक इशारा देऊन ठेवला आहे: पूर्वतयारी नसताना एकदम पूर्ण वेगाने एक मैल धावण्याची चाचणी त्यांना देऊ नये. एक मैल म्हणजे 1609 मीटर. आपली भरतीची धाव 1600 मीटरची आहे. हळूहळू, बोलत-बोलत दहा किलोमीटर धावणाऱ्याला जेवढा धोका, त्यापेक्षा जीव तोडून पाच-सहा मिनिटे पळणाऱ्याला जास्त. मॅरेथॉनला घाबरणारे आईबाप रोज पहाटेच्या त्या धावेकडे लक्ष देत नाहीत. आधी तिकडे लक्ष द्या.

दोन चुकीची उत्तरे

पहिले चुकीचे उत्तर म्हणजे लपवणे. मुलीचे लग्न मोडेल म्हणून रिपोर्ट पेटीत तळाशी ठेवायचा, किंवा तपासणीच करायची नाही. ही भीती खोटी नाही, पण तिचा उपाय वेगळा आहे. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्याशी झाले तर मूल रुग्ण होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. हे दोन्ही घरांना आधी माहीत असणे चांगले. लपवण्याने फक्त एवढे होते की मैदानावर मूल कोसळते तेव्हा काय झाले हे डॉक्टरला सांगणारे कोणी नसते.

दुसरे चुकीचे उत्तर म्हणजे बंदी. वाहक आहे, मग धावू नको, भरतीला उभा राहू नको. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीने 1981 पर्यंत सिकल वाहकांना प्रवेश दिला नाही. बिनत्रासाचे, धडधाकट कृष्णवर्णीय तरुण रक्ताच्या एका थेंबावरून बाहेर ठेवले गेले. आपल्या समाजाला हा अनुभव परका नाही. इंग्रजांनी एकेकाळी महारांची लष्करभरती बंद केली होती, आणि महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल उजाडावे लागले. आरोग्याच्या नावाने तसे दार पुन्हा बंद होता कामा नये. माझे स्पष्ट मत आहे की सिकलची माहिती धावणाऱ्याच्या हातात असावी, त्याला वगळण्यासाठी दुसऱ्याच्या हातात नसावी.

मग करायचे काय?

एक, तपासणी. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तिच्यात 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरलेली आहे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. पहिली चाचणी फक्त सिकल आहे की नाही एवढे सांगते. वाहक की रुग्ण हे दुसऱ्या, पक्क्या चाचणीत कळते. म्हणून पहिल्या रिपोर्टवर थांबू नका. पक्की तपासणी आयुष्यात एकदाच लागते. कार्ड जपून ठेवा आणि धावायला जाताना सोबत न्या.

दोन, रुग्ण असलेल्या मुलाने शर्यतीत उतरू नये. चालणे, हलका व्यायाम किती करायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. वाहकाने धावावे, पण वेग आठवड्याआठवड्याने वाढवावा. वेगाच्या दोन फेऱ्यांमध्ये दम पूर्ण भरून घ्यावा. ताप, जुलाब किंवा जागरण झालेल्या दिवशी धावू नये. पाणी आदल्या दिवसापासून प्यावे.

तीन, रक्तक्षय. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आढळले. सराव करूनही मुलगी मागे पडत असेल तर तिला आळशी म्हणण्याआधी तिचे हिमोग्लोबिन बघा. सिकलचा रुग्ण असेल तर लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच द्या.

चार, ओळख. सिकलमुळे कोसळणारा धावपटू बहुधा एकदम बेशुद्ध होत नाही. त्याच्या पायातली ताकद जाते. मांड्या, पोटऱ्या, कंबर दुखते. तो खाली बसतो, पण बोलत असतो. बघणाऱ्याला वाटते, नाटक करतो आहे. शिकवणारा ओरडतो, ऊठ, पळ! हे ओरडणे जीव घेऊ शकते. त्याला लगेच थांबवा, सावलीत निजवा, ओल्या कापडाने अंग गार करा, शुद्धीत असेल तर घोट-घोट पाणी द्या आणि 108 ला फोन करा. डॉक्टरला पहिले वाक्य सांगा: हा सिकलचा वाहक आहे. धावल्यानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पाच, धाव भरवणाऱ्यांकडून मागणी. दर दोन किलोमीटरवर पाणी हवे, रुग्णवाहिकेत ऑक्सिजन हवा आणि सिकल समजणारा माणूस हवा. बाहेरगावच्या मुलींसाठी आदल्या रात्रीची राहण्याची आणि शौचालयाची सोय हवी. आपल्या मंडळांनीही स्वतःकडे बघावे. एप्रिलमध्ये जयंतीला आपण दौड काढतो, ती विदर्भाच्या उन्हात. ती सूर्य वर येण्याआधी संपली पाहिजे. मोठी दौड काढायचीच असेल तर 26 नोव्हेंबरचा संविधान दिन आहे, 3 जानेवारीची सावित्रीमाईंची जयंती आहे. तेव्हा हवा गार असते.

आणि सगळी धाव जिल्ह्याच्या ठिकाणीच का? सिरोंचाला प्राणहितेचा काठ आहे, थोडे खाली गोदावरीचा संगम आहे. साताऱ्याला घाट आहे तसा आपल्याला नदीकाठ आहे. पाच किलोमीटरची दौड इथे भरली तर मुलींना एस.टी.त पाणी न पिता दोनशे किलोमीटर जावे लागणार नाही. पण तिची तयारी टी-शर्ट छापण्यापासून सुरू करू नका. दौडीच्या एक महिना आधी, एखाद्या पौर्णिमेला, विहारात ग्रामीण रुग्णालयाच्या मदतीने सिकलची तपासणी ठेवा. आईबाप, मुले, सगळ्यांची. त्या दिवशी ज्यांचे नाव लिहिले जाईल, तेच दौडीत नाव नोंदवणारे पहिले धावपटू असू द्या.

जय भीम.