कोळीवाडा कोणाच्या नावावर?



कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न निघाला की ‘जमीन कोळ्यांची’ ही घोषणा आपण सगळ्याजणी देतो. घोषणा रास्तच आहे. पण ‘कोळ्यांची’ म्हणताना त्यात कोळणी येतात का, हेही आता विचारले पाहिजे.

वरळीचेच पाहा. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंड्यात गेली. १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधून आत येणारे समुद्राचे पाणी बांध घालून अडवले गेले. २००९ मध्ये सागरी सेतू सुरू झाला, २०२४ पासून किनारी रस्ता टप्प्याटप्प्याने खुला झाला. पुलाच्या खांबांमधून होड्या सुखरूप जाव्यात एवढ्यासाठीसुद्धा मच्छीमारांना झगडावे लागले. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या गावावर झोपडपट्टीचा शिक्का बसू नये म्हणून वेगळी लढाई सुरू झाली.

या सगळ्या इतिहासात होडी दिसते, खळे दिसत नाही. मासळी बंदरावर उतरली की पुढचे काम बाईचे. निवडणे, खारवणे, सुकवणे, पाटी घेऊन बाजार गाठणे. सुकवायची जागा साऱ्या गावाच्या वापराची, म्हणून बऱ्याचदा कागदावर कोणाचीच नाही. मोजणी करणाऱ्याला ती ‘मोकळी जागा’ वाटते. २०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने मुंबईतल्या कोळीवाड्यांचे नकाशे करायला सांगितले. पण सीमारेषा घरांच्या भिंतींपाशीच थांबली, तर घर राहील आणि बाईचा रोजगार जाईल. जागा गेल्यावर तिला नुकसानभरपाई मागायलाही आधार उरत नाही.

दुसरा प्रश्न घराचा. वस्तीत काम करताना मी घराच्या कागदांविषयी विचारते, तेव्हा बाया सासऱ्याचे, नवऱ्याचे, नाहीतर दिराचे नाव सांगतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना जन्मजात हक्क दिला, मात्र आधी लग्न झालेल्यांना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला. वडील त्या वेळी हयात असण्याची अट नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. तरीही भावाचे मन दुखू नये म्हणून बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. गंमत अशी, की ज्या झोपडपट्टी योजनेला आपला विरोध आहे, तिच्या करारात नवरा-बायको दोघांची नावे घालावी लागतात. वाडवडिलांच्या घरात मात्र तिचे नाव नाही! याचा अर्थ ती योजना चांगली असा नव्हे. बिल्डरने आपल्याला खिजवावे, एवढी ही उणीव मोठी आहे, इतकाच.

गावाची एकी मोडेल, आधी जमीन वाचू द्या, बायकांचे मग बघू, असे आपल्याला सांगितले जाईल. हे ‘मग’ आपण प्रत्येक चळवळीत ऐकले आहे. नकाशा एकदा कायम झाला की ‘मग’ उरत नाही.

म्हणून मोजणीच्या दिवशी बायांनी हजर राहावे, खळी आणि बंदराची वाट नकाशावर दाखवून घ्यावी. मालमत्ता पत्रकावरच्या नावांची गटागटाने तपासणी करावी. आणि वाचल्याशिवाय, विचारल्याशिवाय हक्कसोडपत्रावर कोणीही सही करू नये.

जमीन कोळ्यांची, तशीच कोळणींची. घोषणा आता पुरी देऊ या.