कान विकलेले नाहीत



परवा एका कार्यकर्त्यानं मला झापलं. म्हणे, "लोक मरताहेत न् तू रोज गाणी ऐकत बसतो? विरंगुळा म्हणजे अफू." तेव्हा गप्प बसलो. आता लिहितो.

मी राजूरचा. वणीजवळचं खाणीचं गाव. कोळसा न् चुन्याच्या भट्ट्या. एकाची धूळ काळी, दुसऱ्याची पांढरी. छातीत गेल्यावर दोन्ही सारख्याच. बाप खाणीत होता. रातपाळीहून आला की अंगावर पाणी घ्यायचा न् बाजेवर पडून टेप लावायचा. आधी प्रल्हाद शिंदे, मग वामनदादांची गाणी. डोळे मिटलेले, बोटं बाजेच्या काठावर ठेका धरायची.

"बाबा, झोपत काहून नाही?"

"खालचा आवाज डोक्यातून निघाल्याबिगर झोप नाही लागत बावा."

ही अफू? अफू खाल्लेला माणूस साहेबापुढं वाकतो. माझा बाप त्याच संध्याकाळी युनियनच्या सभेत उभा राहून बोलायचा.

कोणतं गाणं चांगलं, हे इथं कायम वरच्यांनीच ठरवलं. 1940 साली रेडिओनं हार्मोनियम हाकलली. म्हणे परदेशी आहे, तिच्यातून मींड निघत नाही. बंदी थेट 1971 पर्यंत. आमच्या भीमगीतांच्या पार्ट्या तर ह्याच पेटीवर उभ्या! 1952 ला केसकर नभोवाणी मंत्री झाले न् सिनेमाची गाणीही रेडिओवरून आटली. लोकांनी काय केलं? नुसता काटा फिरवला, सिलोन लावलं. शेवटी 1957 ला सरकारला विविध भारती काढावी लागली. कानांचं हे बंड कोण्या पुस्तकात शिकवतात?

वामनदादा कर्डकांना शाळा मिळाली नाही. अक्षरं मोठेपणी शिकले. पण जिथं पुस्तक पोचलं नाही, तिथं त्यांच्या गाण्यातून बाबासाहेब पोचले. आणि खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन हातात घेतलं. त्यांच्याकडं रिकामा वेळ पडला होता का रे?

मी फक्त आपलीच गाणी ऐकत नाही. एका रात्री मोबाइलवर जॉन कोल्ट्रेनचं 'अलाबामा' लागलं. 1963 साली अमेरिकेत बर्मिंगहॅमच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये गोऱ्यांनी बॉम्ब ठेवला, चार पोरी मेल्या. त्यावरचं हे वादन. शब्द एकही नाही. मला त्यातला राग-ताल कळत नाही. तरी खैरलांजी डोळ्यापुढं आली. 2006 ला मोर्चात घसा फोडून जे सांगता आलं नव्हतं, ते हा सॅक्सोफोनवाला सांगत होता. कुठला तो, कुठला मी! त्या रात्री मी रडलो. सकाळी कामावर गेलो, ताठ गेलो.

तेव्हा दोस्ता, मला शिकवू नको. रोज अर्धा तास तूही ऐक. आठ तास आपण पोटासाठी विकलेत. कान विकलेले नाहीत.

जयभीम.