काचेचा सांधा

सातारा-सांगलीकडे रस्त्याचे काम निघाले आणि जेसीबीचा दात केबलमध्ये घुसला, की गावाचे नेट बंद. शिष्यवृत्तीचा फॉर्म, दुबईला असलेल्या मुलाचा व्हिडिओ कॉल, सगळे अडते. मग एखादा तरुण खड्ड्याशेजारी छत्री लावून बसतो आणि तुटलेले जोडून देतो. हा हुनर काय आहे, ते या महिन्यात पाहू.

केबलच्या आत काचेचे तंतू असतात. एका तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. प्रकाश धावतो तो गाभा त्याहून बारीक, जेमतेम ९ मायक्रॉन. विजेच्या तारेसारखा पीळ मारून इथे भागत नाही. गाभ्यासमोर गाभाच यावा लागतो.

जोडण्याच्या तीन रीती आहेत. फ्यूजनमध्ये विजेच्या ठिणगीने दोन्ही टोके वितळवून एक करतात. यंत्र महाग, पण चांगल्या जोडात प्रकाशाची घट ०.१ डेसिबलहूनही कमी, म्हणून मुख्य लाइनला हीच रीत. मेकॅनिकल जोडात टोके छोट्या पकडीत भिडवतात, मध्ये जेल असते. हा जोड झटपट होतो, पण घट जास्त. तिसरा कनेक्टर, काढता-घालता येणारा. घरच्या डबीत दिसतो तो हाच. हिरव्याचे टोक तिरके घासलेले, निळ्याचे सरळ. म्हणून हिरव्यात निळा घालू नये.

खरी कसोटी मात्र आधीच असते: आवरण सोलणे, अल्कोहोलने पुसणे, टोक काटकोनात कापणे. धुळीचा एक कण राहिला तरी जोड बिघडतो. शेवटी जोडाचा डबा पाणी शिरणार नाही असा बंद करायचा. २०१९ चा कृष्णेचा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना याचे कारण सांगायला नको.

घरच्यांसाठी दोन सूचना. काचेचे तुकडे हातात रुततात. मुलांना उचलू देऊ नका. चालू तंतूच्या टोकात डोकावू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

आमची काही मुले दहावीनंतर केबलच्या कामावर जातात, ती चर खणायला. ती रोजीही हलालच. पण खणणारा हात जोडायलाही शिकू शकतो. पालकांनो, मुलाला कामावर धाडताना ठेकेदाराला एवढे विचारा, "याला जोड द्यायला कधी शिकवाल?" मुलींसाठीही हा विचार करा, इथे ताकदीपेक्षा नजर आणि सब्र लागतो.