अफवेची वही कुणी पाहिली आहे?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नवी वही पाटावर मांडतो, तिला हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर स्वस्तिक काढतो आणि मग हात जोडतो. लहानपणी मला ह्या पूजेचे मोठे नवल वाटे. देवाची पूजा समजे, धनाचीही समजे. पण कोऱ्या वहीची पूजा कशासाठी? पुढे एका जुन्या आडत्याने मला त्यातले मर्म सांगितले. तो म्हणाला, "अहो, धंद्यात खोट कुणाला चुकली आहे? पण ज्याची वही आहे त्याला ती दिसते, आणि त्याच्या देणेकऱ्यालाही दिसते. ज्याची वहीच नाही त्याला खोट कधी येतच नाही. तो एके दिवशी नुसता नाहीसा होतो."

हे वाक्य मला अलीकडे वारंवार आठवते. फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकांपुढे कडू विषय काढणे बरे नव्हे, हे मी जाणतो. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा एक थेंब जिभेला लावायची आपल्याकडे रीतच आहे. हा लेख त्या कारिटासारखा समजावा आणि मग खुशाल चकलीकडे वळावे.

करोनाची साथ २०२० साली आली आणि आपल्या घरादारांतून फिरून गेली. तोंडावरचे मास्क निघाले, रस्ते भरले, लग्नांच्या पंगती पुन्हा उठू लागल्या. एक गोष्ट मात्र मागे राहिली, ती म्हणजे डॉक्टरांविषयीची अढी. कुठल्याही दिवाणखान्यात चार माणसे जमली की कुणीतरी म्हणतेच, "काय त्या तज्ज्ञांचं घेऊन बसलात! आधी म्हणाले मास्क नको, मग म्हणाले हवाच. आज एक औषध, उद्या दुसरं. त्यांनाच काही कळत नव्हतं, आपल्याला काय सांगणार?" आणि हे वाक्य संपते न संपते तोच तेच गृहस्थ खिशातून मोबाइल काढतात आणि कुण्या अनामिकाने धाडलेला संदेश सर्वांना वाचून दाखवतात! कापूर, लवंग आणि ओवा ह्यांची पुरचुंडी हुंगली की रक्तातला प्राणवायू वाढतो, हा संदेश २०२१च्या एप्रिलात मला निदान वीस जणांकडून आला. त्या वीस जणांत तीन पदवीधर शिक्षक आणि एक निवृत्त अभियंता होते.

कापराशी माझे वैर नाही. आरतीला तो मलाही हवा असतो. माझे भांडण आहे ते तराजूशी. डॉक्टरने मत बदलले की तो अडाणी, आणि निनावी संदेशाने कधीच मत बदलले नाही म्हणून तो ज्ञानी, हे कुठले माप?

लोक डॉक्टरांवर संशय घेतात ते मूर्ख असतात म्हणून, असे मानणारा मी नाही. ह्या संशयाला आपल्याकडे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात सगळा दोष लोकांचा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखला. हे गृहस्थ मूळचे गोव्याच्या हडफड्याचे. त्यांचे निदान इतर तज्ज्ञांकडून पडताळून घेण्यात आले आणि ते खरे ठरले. पण पुढच्याच महिन्यात सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे माणसांची मोमियाई काढतात, अशा वावड्या तेव्हा उठल्या होत्या. आज आपण हसतो. पण इस्पितळात गेलेली बहुतेक माणसे खरोखरच परत येत नव्हती, कारण प्लेगवर त्या वेळी औषधच नव्हते. भीती खरी होती. तिला चिकटवलेले कारण तेवढे खोटे होते.

सरकारने त्यावर काय केले? फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा केला आणि पुण्यात रँडसाहेबाच्या हुकमतीखाली गोरे सोजीर घराघरांत घुसवले. त्यांनी देवघर म्हटले नाही की माजघर म्हटले नाही. २२ जून १८९७ ला त्याचा शेवट कसा झाला हे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. ज्या औषधाबरोबर बंदूक येते त्या औषधावर कुणाचा विश्वास बसेल? तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला, ही गोष्ट राज्यकर्त्यांनी विसरू नये. आणि त्याच पुण्यात, त्याच १८९७ साली, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव शहराबाहेर दवाखाना काढून प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होते. रोग्यांना आणता आणताच सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. दोघांपैकी कुणाच्या हातून लोकांनी औषध घेतले असते, हे सांगायला नको.

आता वहीकडे येतो. प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन नावाचा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ मुंबईत बोलावला गेला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत त्याने प्लेगवर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या, स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांना दिली. आगाखानांनी आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून ती स्वतः चारचौघांसमक्ष टोचून घेतली. इथवर कथा गोड आहे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल नावाच्या खेड्यात (ते आता पाकिस्तानात आहे) १०७ माणसांना ही लस टोचली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते एकोणीसच्या एकोणीस मेले. अफवेला ह्याहून मोठे खाद्य कुठले हवे? चौकशी बसली, मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठपका आला आणि हाफकिनला कामावरून दूर व्हावे लागले. पण एक गोष्ट नोंदलेली होती. मेलेल्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस टोचलेली होती. त्या बाटलीचा क्रमांक ५३-एन. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झाले नव्हते. त्या धाग्याने पुरावा पुन्हा तपासला गेला, तेव्हा दिसून आले की बाटली उघडताना एका मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. दोष मुंबईतल्या लसीत असल्याचा पुरावा टिकला नाही. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून न्याय मागितला, आणि त्याच वर्षी सरकारने हाफकिनवरचा कलंक पुसला. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव दिले गेले.

ह्या कथेत डॉक्टरांची बढाई मारण्यासारखे फार नाही. १९ माणसे मेली. एका निर्दोष माणसाची कारकीर्द मोडली. सरकारला सत्य कबूल करायला पाच वर्षे लागली. पण वाचकहो, बाटलीला क्रमांक होता! कुणाला कुठल्या बाटलीतून टोचले ह्याची नोंद होती. त्या नोंदीमुळेच १९ मृत्यू लपले नाहीत, आणि त्या नोंदीमुळेच खरे कारण सापडले. मोमियाईच्या वावडीला क्रमांक होता काय? ती कुणी उठवली, तिच्यापायी किती जण इस्पितळात गेले नाहीत आणि घरीच मेले, ह्याचा हिशेब कुठल्या वहीत आहे?

आता आपल्या काळाकडे पाहू. करोनाच्या साथीत तज्ज्ञ चुकले, आणि थोडेथोडके चुकले नाहीत. हा रोग हवेतून पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये ठासून सांगितले. २०२१ मध्ये तिला ते फिरवावे लागले. सर्वसाधारण माणसांना मास्कची गरज नाही, हा तिचा सल्ला जून २०२० मध्ये बदलला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा आपल्याकडे गवगवा झाला, आणि करोनाच्या रोग्यांना त्याचा लाभ होत नाही असे मोठ्या चाचणीत ठरले. 'लॅन्सेट'सारख्या मान्यवर नियतकालिकाने ह्याच औषधावरचा एक लेख छापला आणि जून २०२० मध्ये तो मागे घेण्याची पाळी आली.

पण मला सांगा, ह्या चुका तुम्हांआम्हांला कुणी दाखवल्या? पुरचुंडीवाल्याने? छे! डॉक्टरांच्या चुका डॉक्टरांनीच काढल्या. हवेतून प्रसार होतो हे शास्त्रज्ञांनीच पुन्हापुन्हा बजावले. प्लाझ्माचा उपयोग होत नाही हे भारतातल्याच ३९ इस्पितळांतल्या ४६४ रोग्यांवरच्या चाचणीने दाखवले. ज्या मोठ्या चाचणीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बाद केले, तिनेच डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध अत्यवस्थ रोग्यांचे प्राण वाचवते हे शोधून काढले. चूक करणारा आणि चूक पकडणारा एकाच पेढीतला असावा, ही त्या पेढीची नाचक्की नव्हे. तीच तिची पत आहे.

आता दुसऱ्या पेढीचा कारभार पाहा. २०२०च्या फेब्रुवारी-मार्चात कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी आवई उठली आणि महाराष्ट्रातल्या कुक्कुटपालकांना पक्षी मातीमोल भावाने विकावे लागले. ती आवई खोटी ठरल्यावर कुणी त्यांची माफी मागितली? कुणी भरपाई दिली? २०२४ साली तर कहर झाला. पुण्यात तयार झालेल्या कोविशिल्ड लशीमुळे क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हे "दडवलेले सत्य अखेर उघड झाले" म्हणून संदेश धावू लागले. निमित्त होते मूळ ब्रिटिश कंपनीने न्यायालयात दिलेल्या कबुलीचे. वास्तविक हा दोष युरोपातल्या डॉक्टरांनी मार्च २०२१ मध्येच ओळखला होता, त्यावर निबंध लिहिले होते, आणि कित्येक देशांनी तेव्हाच तरुणांसाठी ही लस थांबवली होती. म्हणजे ज्या वहीवर विश्वास नाही म्हणून सांगतात, तिच्यातलीच तीन वर्षांपूर्वीची एक ओळ फाडून हे लोक नवी बातमी म्हणून विकत होते!

एवढे लिहून मी थांबलो असतो, तर ते दुसऱ्याला शहाणपण शिकवणे झाले असते. माझ्याही नावावर एक कलम आहे. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस खुली झाली. त्या आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. "अरे, तू एवढं वाचतोस, सांग बरं, घेऊ का लस? मला साखरेचा त्रास." मी आदल्याच दिवशी लशीविरुद्धचा एक निनावी संदेश वाचला होता. मला तो फारसा पटला नव्हता, पण खोटाही म्हणवला नाही. मी म्हणालो, "आक्का, जरा थांब. लोकांचं काय होतं ते बघू." ती थांबली. एप्रिलच्या शेवटी तिला ताप आला आणि मे महिन्यात ती गेली. लस घेतली असती तर ती नक्की वाचली असती, असे मी म्हणत नाही. तसे छातीठोकपणे म्हणणे हीही एक अफवाच होईल. पण वाचण्याची तिची संधी वाढली असती, आणि ती संधी मी एका निनावी कागदाच्या भरवशावर घालवली. तिने विश्वास ठेवला तो त्या संदेशावर नव्हे, माझ्यावर. अफवा अशीच चालते. ती परक्याच्या पायांनी घरात येत नाही. आपल्या माणसाच्या तोंडाने येते.

डॉक्टरमंडळींनाही दोन शब्द ऐकवल्यावाचून मला राहवत नाही. महाराज, तुमची वही आहे खरी, पण ती उघडायला तुम्ही फार वेळ लावता. प्लाझ्माच्या चाचणीचा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला. उपचारांच्या सरकारी यादीतून प्लाझ्मा निघाला तो मे २०२१ मध्ये. मधल्या सात महिन्यांत किती लेकरे बापासाठी प्लाझ्मा शोधत रात्री-बेरात्री दारोदार फिरली! "आज आम्हांला एवढेच कळले आहे, उद्या अधिक कळले तर सांगणे बदलू," हे एक वाक्य तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला असता, तर मत बदलल्याबद्दल तुमची आज टवाळी झाली नसती. 'ठाऊक नाही' म्हणण्याने वैद्याची अब्रू जात नाही. ठाऊक नसताना 'ठाऊक आहे' म्हणण्याने मात्र जाते, आणि तिच्याबरोबर रोग्याचा भरवसाही जातो.

डॉक्टरांच्या पायांवर डोके ठेवा, असे माझे सांगणे नाही. त्यांना हवे तेवढे प्रश्न विचारा, हिशेब मागा. पण तोच हिशेब मोबाइलवरच्या अनामिकाकडेही मागा. तुझे नाव काय? हे तुला कुठे कळले? तू चुकलास तर मला सांगायला येशील काय? ह्या तीन प्रश्नांना जो उत्तर देत नाही, त्याचा माल पुढच्या दुकानात पोचवू नका.

ह्या पाडव्याला मी एक साधी वही आणणार आहे. तिच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहीन आणि त्याखाली पहिली नोंद करीन: मार्च २०२१. आक्काला 'थांब' म्हणालो. आधार: निनावी.